मदत हवी आहे: स्पेक्ट्रम प्लस सुरू झाला, पण वरची 32 के (किलोबाइट) मेमरी दिसत नाही

नमस्कार,

माझ्या थोरल्या काकांनी 1985 मध्ये इंग्लंडहून परतताना आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक गेल्या दिवाळीत माळा आवरताना हाती लागला. सोबतच्या कॅसेटना बुरशी लागली असून मूळ अडॅप्टर हरवला आहे, त्यामुळे एकही प्रोग्रॅम लोड न करता, केवळ यंत्रातल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आधारे तपासणी करावी लागली. 1980च्या दशकात मिळणारा याचाच भारतीय अवतार डीबी स्पेक्ट्रम प्लस ज्यांनी वापरला किंवा दुरुस्त केला असेल, त्यांच्या अनुभवाचाही मला उपयोग होईल.

वीज देण्यापूर्वी 5 व्होल्ट आणि 12 व्होल्टच्या रेषा ग्राउंडला शॉर्ट नाहीत ना, हे मल्टिमीटरने पाहिले आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. अडॅप्टर 9 व्होल्टचा घेतला. या यंत्रात मधली पिन ऋण असते, त्यामुळे बाजारातला नेहमीचा अडॅप्टर आहे तसा लावू नये, हे नव्याने हात घालणाऱ्यांसाठी मुद्दाम नमूद करतो. त्यानंतर खालच्या 16 के मेमरीच्या 4116 आयसींवर मोजमाप घेतले. पहिल्या पिनवर उणे 5.1, आठव्यावर 11.8 आणि नवव्यावर 5.0 व्होल्ट मिळाले. उणे 5 व्होल्ट नसताना 12 व्होल्ट मिळाले तर हे आयसी जळतात, म्हणून टीव्ही जोडण्याआधी हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

घरातल्या टीव्हीला अ‍ॅनालॉग ट्यूनर नाही. त्यामुळे मॉड्युलेटरकडे (चित्राचे अँटेनाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाकडे) जाणारा व्हिडिओ सिग्नल थेट बाहेर काढला. कळफलकाच्या मेम्ब्रेनची (कळांखालच्या पातळ प्लॅस्टिक थराची) पट्टी हात लावताच तुटली, तरीही कळफलकाशिवाय पडदा क्षणभर काळा होऊन पांढरा झाला आणि खालच्या कडेला 1982 सालची कॉपीराइटची ओळ उमटली. काका शेजारीच बसले होते. ती ओळ पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवे मेम्ब्रेन बसवल्यावर बॉर्डरचे आठही रंग दिसले, बीपचा आवाज आला, आणि दोन ओळींचा प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवर सेव्ह करून व्हेरिफाय केला तेव्हा तोही जुळला.

अडचण पुढे आली. मेमरी किती आहे हे पाहण्यासाठी ‘प्रिंट पीक 23732+256*पीक 23733’ असे टाइप केले (पीक म्हणजे दिलेल्या पत्त्यावरची किंमत वाचणे; हा शब्द एक्स्टेंड मोडनंतर ओ दाबल्यावर मिळतो), तर मेमरीच्या शेवटच्या पत्त्याचे उत्तर 65535 ऐवजी 32767 आले. सुरू होताना रॉम (यंत्रातला कायमस्वरूपी प्रोग्रॅम) मेमरीचा प्रत्येक पत्ता तपासतो आणि पहिल्या चुकीपाशी थांबतो, म्हणजे त्याला 32768 या पत्त्यावरच चूक सापडली असणार. यंत्र स्वतःला 16 केचे समजत असल्याने वरच्या भागात बेसिक काहीच ठेवत नाही आणि तिथे निर्धास्तपणे पोक करता, म्हणजे थेट किंमत लिहिता येते. तसे केल्यावर 0 लिहिले तर 8 वाचले जाते, 247 लिहिले तर 255, मात्र 8 आणि 255 जसेच्या तसे परत येतात. 256 पत्त्यांच्या अंतराने शेवटपर्यंत पाहिले, सगळीकडे हेच घडते.

प्रत्येक आयसी बाइटमधला एकच बिट सांभाळत असल्याने, 8 या किमतीचा म्हणजे तिसरा बिट (शून्यापासून मोजल्यास) सांभाळणारा वरच्या रांगेतला एकच आयसी बिघडला आहे, असा माझा निष्कर्ष आहे. पत्त्याचे बिट दोन भागांत मेमरीला पोहोचवणाऱ्या 74एलएस157 मल्टिप्लेक्सरमध्ये दोष असता तर सर्व पत्त्यांवर नेमका एकच बिट चुकला नसता, आणि रॉम बिनचूक वाचला जातो त्या अर्थी प्रोसेसरची ती डेटा रेषाही ठीक असावी. हा तर्क कुठे चुकत असेल तर कृपया सांगावे.

निष्कर्ष बरोबर असल्यास, त्या आयसीवर चांगला आयसी पाठीवर बसवून खात्री करता येईल का? आतले आउटपुट तुटले असेल तर हा उपाय चालावा, पण ते कायमचे 1 कडे ओढले गेले असेल तर वरचा आयसी निरुपयोगी ठरेल, अशी मला शंका आहे.

दुसरा प्रश्न बदलीच्या आयसीचा आहे. वरच्या रांगेत अर्धीच मेमरी चांगली असलेले 64 के आयसी वापरलेले असून कोणता अर्धा भाग वापरायचा हे बोर्डावरच्या जोडणीने ठरते. पूर्ण चांगला 4164 (64 केचा आयसी) दोन्ही बाजूंनी चालायला हवा. झेड80 प्रोसेसर मेमरीतली माहिती टिकवण्यासाठी फक्त सात बिटांचे रिफ्रेश देत असल्याने 128 चक्रांवर चालणाराच निवडेन. बाकीचे सात जुने ठेवून एकच 4164 लावल्याचा कुणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

आयसी बोर्डावर सोल्डर केलेले आहेत आणि ट्रॅक नाजूक दिसतात. जुन्याचे पाय अंगालगत कापून एकेक पाय वेगळा काढायचा आणि तिथे सॉकेट बसवायचे, असे ठरवले आहे. मात्र योग्य आयसी ओळखल्याची खात्री होईपर्यंत मी कटर हाती घेणार नाही. बोर्डाचे फोटो हवे असल्यास लगेच देतो.