वरुडकडच्या खेड्यात रात्रीचा पिंग 140: चालवून घ्यायचा का?

पांढरी_माती
पुण्याच्या कंपनीचं काम वरुड तालुक्यातल्या खेड्यातून, घरूनच करतो. फायबर आहे, प्लॅन 100 एमबीपीएसचा, स्पीड टेस्टला पुरे 100 दिसतात. पण मुंबईच्या सर्व्हरला पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) सकाळी 34 मिलिसेकंद आणि रात्री आठनंतर 80 ते 140. कॉलवर मी बोलायला लागलो की समोरचाही लागतो, मग दोघंही गप्प. केबलवाला म्हणतो, "भाऊ, स्पीड येऊन राहिला ना?" माझं मत: घरच्या फायबरवर देशातल्या देशात 40 च्या वर पिंग म्हणजे माल खराब.

आंबिया_बहार
अरे बाप्पा, 40! रेंजसाठी टेकडीवर चढा लागे, विसरले काय? 80 नं काय बिघडते? मले यूट्यूब दिसते, सातबारा निघते, नागपूरच्या पोरीसंग व्हिडिओवर बोलणं होते. आकडे पाहून पाहून जीव काढता तुम्ही.

तारजोड्या
दोघांचंही अर्धंच. प्रकाश काचेतून सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो. वळणं धरून मुंबईपर्यंत 1000 किमी तार मोजली तरी जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद. बाकीचा वेळ मधल्या राउटरांचा आणि तिथं डेटा थांबतो त्या रांगेचा. म्हणून 34 चांगलाच आहे. संभाषणासाठी आयटीयूची (दूरसंचाराची जागतिक संस्था) शिफारस एका दिशेनं 150 च्या आत अशी आहे, तेव्हा स्थिर 80 वर बोलणं अडू नये. अडतं ते 80 चे 140 अन् 140 चे 80 होतात म्हणून. मग ॲप आवाज थोडा साठवून सोडतं आणि उशीर आणखी वाढतो. आधी घर तपासा. कुणाच्या मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप चालू असला की अपलोड भरतं, पिंग तिथंच फुगतो.

मास्तर_मोर्शी
ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2006 च्या नियमांत देशांतर्गत टप्प्याला 120 मिलिसेकंदांची मर्यादा होती. तुमचा 140 त्या जुन्या, सैल मापातही बसत नाही. लेखी तक्रार करा.

आंबिया_बहार
हाव ना मास्तर, अन् थ्यानं कनेक्शनच कापलं तर? गावात दुसरा कोण हाये?

पांढरी_माती
ही भीती मलाही आहे, म्हणून आधी पुरावा. काल रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन बंद केले (आईची मालिका बुडाली, तो वेगळा तंटा), लॅपटॉप थेट तारेनं जोडला. ट्रेसरूटमध्ये (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापर्यंतचा पिंग दाखवणारी चाचणी) घरचा राउटर 1, केबलवाल्याचा पहिला टप्पा 4, त्याच्या पुढच्या टप्प्याला एकदम 96. पहाटे पाचला तिथंच 27. म्हणजे दोष घरात नाही. त्यानं वरून घेतलेली लाइन रात्री भरते.

तारजोड्या
थांबा. एखादा राउटर आपल्यापुरतं उत्तर द्यायला आळशी असतो. त्यापुढचे टप्पेही 96 च्या आसपास किंवा वर आहेत का?

पांढरी_माती
आहेत. शेवटपर्यंत.

तारजोड्या
मग तुमचं बरोबर. दोन्ही वेळचे फोटो घेऊन जा. पिंग म्हणू नका, "रात्री लाइन भरते" म्हणा, त्याला ते समजेल.

आंबिया_बहार
म्हणजे रात्री आमच्या इथं मॅच अडकते थे याच्यानंच? मले वाटे टीव्ही म्हातारा झाला. उद्या मीही येतो तुमच्यासंग. पण 40 चं नाव काढू नका, 80 वर सौदा तोडा.