मदत हवी आहे : 'जिवंत रक्त' सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलेली पोषणाची कमतरता कितपत मानावी?

नमस्कार. माझी मोठी बहीण सांगलीजवळच्या एका गावात राहते. तिचे वय ५४ आहे. नऊ वर्षांपासून तिला मधुमेह असून ती रोज मेटफॉर्मिनच्या दोन गोळ्या घेते आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक गोळी घेते. घरात पूर्ण शाकाहार आहे. गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून तिला जिना चढताना दम लागतो, रात्री तळपायांना मुंग्या येतात आणि कधी कधी पायातली चप्पल निसटली तरी तिच्या ध्यानात येत नाही, असे तिने दिवाळीत आमच्याकडे आल्यावर सांगितले. आम्ही तपासण्या करण्याविषयी बोलत होतो, तेवढ्यात शेजारणीने तिला एका मंगल कार्यालयात भरलेल्या आरोग्य शिबिराची माहिती दिली. तेथे रक्ताच्या एका थेंबावरून शरीरात काय कमी आहे ते समोरच्या पडद्यावर दाखवतात, असे तिने ऐकले होते. ताईबरोबर मीही गेले.

तेथे जे पाहिले ते शक्य तितके जसेच्या तसे लिहिते, कारण माझा प्रश्न त्या तपशिलांवरच अवलंबून आहे. तेथील गृहस्थांनी ताईच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि पट्टी एका बाजूला ठेवून दिली, कारण आधीच्या बाईंचे समजावणे चालू होते. ते संपायला वीस मिनिटे तरी लागली असतील. मग ताईची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि मोठ्या टीव्हीवर काळ्याभोर पार्श्वभूमीवर उजळ कडांच्या गोल पेशी दिसू लागल्या. आपल्याच माणसाचे रक्त असे हलताना पाहून मला गलबलून आले, हे मी प्रांजळपणे सांगते. ताई तर खुर्चीतून पुढे सरकून पाहत राहिली.

त्यांनी चार गोष्टी दाखवल्या. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटल्या होत्या. त्यावरून प्रथिने पचत नाहीत आणि रक्त 'आम्लधर्मी' झाले आहे, असे सांगितले. काही पेशींच्या कडा काटेरी होत्या, ती विषद्रव्ये. पेशींच्या मधल्या जागेत बारीक चमकदार ठिपके सतत थरथरत होते, ती बुरशी. आणि पेशींचा मध्यभाग फिकट दिसतो म्हणून लोह कमी. उपाय म्हणून तीन महिन्यांच्या पावडरी व कॅप्सूल दिल्या, ज्यांचे १४,६०० रुपये झाले. शिवाय मधुमेहाच्या गोळ्यांमुळे रक्त आंबते, तेव्हा त्या निम्म्या करा, असेही तोंडी सांगितले. लेखी काहीही दिले नाही.

सहा आठवड्यांनी ताई दाजींबरोबर पुन्हा गेली. या वेळी पडद्यावर पेशी सुट्या, गोल, स्वच्छ दिसल्या आणि त्याची चित्रफीत तिच्या मोबाइलवर देण्यात आली. ती मी पाहिली आहे आणि पहिल्या वेळच्या दृश्याशी तिचा फरक खरोखरच मोठा आहे. ताई आता ठाम आहे की पावडरीने गुण आला. मुंग्या मात्र तशाच आहेत आणि गोळी निम्मी केल्यापासून तिची सकाळची साखर १९० च्या खाली येत नाही.

माझे म्हणणे असे की, दोन्ही वेळा पडद्यावर जे दिसले ते खोटे नव्हते. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग तो फरक कशाचा होता? अशा पाहण्यातून जीवनसत्त्व किंवा लोहाची कमतरता कळू शकते का? कळत नसेल, तर कोणत्या तपासण्या कराव्यात आणि सध्या चालू असलेल्या पावडरींचा त्या तपासण्यांवर परिणाम होईल का? ताईला मी 'तुला फसवले' असे म्हणू इच्छित नाही. तिचा त्रास खरा आहे आणि कोणी तरी तिच्याकडे अर्धा तास नीट लक्ष दिले, याचे तिला अप्रूप आहे. तिला पटेल असे काही मला हवे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी मिरजेत २६ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. सर्वांत आधी, ताईंनी मधुमेहाची गोळी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आजच पूर्ववत करावी. बाकीचे सारे त्यानंतर.

तुम्ही पट्टी वीस मिनिटे बाजूला पडली होती हे नोंदवलेत, त्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. शरीराबाहेर आलेले रक्त काचेखाली सुकू लागते. कडेने पाणी उडते, क्षारांचे प्रमाण वाढते, काचेच्या पृष्ठभागाचाही परिणाम होतो आणि तांबड्या पेशींना काटे फुटतात. मी शिकाऊ असताना माझ्या प्रत्येक आळसावलेल्या स्लाइडवर असे काटे दिसत आणि आमचे वरिष्ठ ती स्लाइड पाहून 'चहाला गेला होतास ना?' असे विचारत. नाण्यांच्या चळतीचेही तसेच आहे. थेंब जाड असेल किंवा तुम्ही जाड भागात पाहत असाल, तर निरोगी माणसाच्या रक्तातही चळती दिसतात. म्हणून स्मिअर, म्हणजे काचेवर पसरवलेला रक्ताचा थर, वाचताना आम्ही पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतील असा पातळ भाग शोधतो. रक्तातील फायब्रिनोजेन व ग्लोब्युलिन ही प्रथिने वाढली की चळती जास्त होतात, आणि ईएसआर ही आपली जुनी तपासणी त्यावरच आधारलेली आहे; पण तिथेही उभ्या नळीत एका तासात पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या हे मोजतात आणि त्यातून पचनाविषयी काहीही निघत नाही. दुसऱ्या वेळी थेंब लहान घेतला, काच नीट दाबली आणि लगेच पाहिले, तर त्याच बाईंच्या रक्तात त्याच दिवशीसुद्धा सुट्या, गोल पेशी दिसल्या असत्या.

थरथरणारे ठिपके बहुतेक वेळा जेवणानंतर रक्तात येणारे स्निग्धाचे सूक्ष्म कण असतात. द्रवातील रेणूंच्या धक्क्यांनी ते नाचतात. ताई नाश्ता करून गेल्या होत्या का, ते आठवून पाहा. रक्तात खरोखर बुरशी वाढत असती, तर रुग्ण खुर्चीत बसून पडदा पाहत नसता, अतिदक्षता विभागात असता. पेशीचा फिकट मध्य हा तिच्या दोन्ही बाजूंनी दबलेल्या आकाराचा परिणाम आहे; सुमारे एक तृतीयांश भाग फिकट असणे हे सामान्यच होय. राहिला आम्लधर्म. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राखतात आणि तो पेशी पाहून नव्हे, तर यंत्राने मोजावा लागतो.

न रंगवलेले, जिवंत रक्त पाहण्याची पद्धत मुळात निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात रात्री दहा ते दोनच्या दरम्यान रक्त घेतात, कारण त्या कृमींची पिल्ले तेव्हाच त्वचेजवळच्या रक्तात येतात. ओल्या थेंबात पाव मिलिमीटर लांबीचे ते पिल्लू वळवळताना पेशींना बाजूला सारत जाते, ते एकदा पाहिले की विसरत नाही. काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक उपदंशाचे जंतू शोधण्यासाठीही दीर्घकाळ वापरला गेला आहे. जो जंतू किंवा कृमी पेशीसारखा डोळ्यांना दिसू शकतो, तोच तिथे सापडतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची असते, तर ब-१२ जीवनसत्त्व हा एक रेणू आहे आणि रक्तात तो मिलिलिटरमागे काहीशे पिकोग्रॅम एवढाच असतो. तो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

आता तपासण्या. नऊ वर्षे मेटफॉर्मिन, शाकाहार आणि तळपायांना मुंग्या, हे ऐकताच ब-१२ पाहिलेच पाहिजे, कारण मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण घटते. त्याबरोबर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रंगवलेल्या स्मिअरचा अहवाल, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईड) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे) करावे. ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, ते डॉक्टर ठरवतील. सीबीसीमधील एमसीव्ही हा पेशीचा सरासरी आकार सांगतो. लोह कमी असले की पेशी लहान होतात, ब-१२ कमी असले की मोठ्या. पण दोन्ही एकदम कमी असली, तर सरासरी ८० ते १०० मध्येच राहते आणि अहवाल वरवर ठीक वाटतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांत किती फरक आहे ते सांगणारा आकडा) आणि स्मिअर यांकडे लक्ष द्यावे.

पावडरींच्या डब्यांवरील घटक वाचून येथे लिहा. त्यांत केसांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घातले असेल, तर त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. प्रयोगशाळेला सांगून ते दोन-तीन दिवस आधी बंद करावे. फॉलिक ॲसिड असेल तर गोष्ट अधिक गंभीर आहे. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले की हिमोग्लोबिन सुधारू लागते, माणसाला बरे वाटते, आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते. अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, तेही पाहून घ्या.

प्रतिसाद २

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वरील प्रतिसादात थोडी भर घालते. या पद्धतीमागे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गुंथर एंडरलाइन यांचे मत आहे. रक्तात निरुपद्रवी सूक्ष्मजीव कायम असतात आणि शरीर बिघडले की तेच रूप बदलून जिवाणू किंवा बुरशी बनतात, असे ते मानत. जंतुशास्त्राने हे मत स्वीकारलेले नाही. पद्धतीची परीक्षा मात्र जर्मनीतच झाली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यातून कर्करोग ओळखता येतो का हे तपासण्यासाठी, ११० रुग्णांचे रक्त असे पाहण्यात आले. त्यांपैकी १२ जणांचा कर्करोग शरीरात पसरला होता. पाहणाऱ्याने त्यांतले फक्त तीन ओळखले. २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात अनुभवी निरीक्षकांनी ४८ रुग्णांचे नमुने पाहिले, तेव्हा त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पुरेसे जुळले नाहीत. एकच रक्त दोघांना दोन गोष्टी सांगत असेल, तर त्यावरून औषध ठरवणे मला योग्य वाटत नाही.

धागाकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी दिलेला वेळ मोलाचा ठरला. ताईने त्या दिवशी पोटभर पोहे खाल्ले होते, हे तिला स्वतःलाच आठवले. डब्यांवर बायोटिन आणि फॉलिक ॲसिड दोन्ही होते.

ताईला पटवणे मला जमले नसते. शेवटी आम्ही रक्त द्यायला गेलो, तेथील पॅथॉलॉजिस्ट बाईंना मी विनंती केली आणि त्यांनी मोठ्या मनाने ती मान्य केली. ताईच्या बोटातून दोन थेंब घेतले. एक लहान, लगेच पाहिलेला. दुसरा जाड, अर्धा तास टेबलावर ठेवलेला. पहिल्यात सुट्या पेशी होत्या. दुसऱ्यात मध्ये चळती आणि कडेला काटे होते. ताईने नळीला डोळा लावून दोन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि विचारले, "म्हणजे हे दोन्ही माझंच, आणि आत्ताचंच?" बाई "हो" म्हणाल्या. घरी येईपर्यंत ताई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने डबे माळ्यावर ठेवले आणि शिबिराची पुढची तारीख दिनदर्शिकेवरून खोडली.

अहवाल असे आहेत : हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १७.५, फेरिटिन ९, ब-१२ १४२ आणि एचबीए१सी ८.९. स्मिअरमध्ये लहान व मोठ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी असल्याची नोंद आहे, म्हणजे लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असण्याची प्रतिसाद १ मधील शंका तंतोतंत खरी ठरली. मेटफॉर्मिन पूर्ववत सुरू आहे, ब-१२ ची इंजेक्शने व लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. लोह इतके का घटले, हे शोधण्यासाठी डॉक्टरांनी शौचातील रक्ताची तपासणी सांगितली आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवायला सांगितले आहे.

पाच इंजेक्शने झाली आहेत. दम थोडा कमी वाटतो, पण तळपायांच्या मुंग्यांमध्ये अजून फरक नाही आणि ताई त्यामुळे खचते. हा अनुभव ज्यांनी स्वतः किंवा घरात घेतला असेल, त्यांनी मुंग्या उतरायला किती काळ लागला आणि तोवर रात्रीची झोप कशी सांभाळली, हे कृपया लिहावे. मी ते तिला वाचून दाखवेन.