मदत हवी आहे: युनिव्हर्सची फाइल आधी फोडायची की रिसाइझ करायची?

राम राम मंडळी. जळगावकडच्या केळी व्यापाराचं पावतीखातं युनिव्हर्स या डेटाबेसवर आहे. फाइल टाइप 18 (ठरावीक ग्रुपांची फाइल), मोड्युलो म्हणजे ग्रुपांची संख्या 1009, सेपरेशन 4, म्हणजे 512 बाइटचे 4 ब्लॉक. डेटा 160 एमबीवर गेलाय, म्हणजे एका ग्रुपमागे 2048 बाइटचे साधारण 77 बफर! नवीन मोड्युलो 100003 काढलाय, ग्रुप 78 टक्क्यांच्या आसपास भरेल.

पण खरी मेख वेगळीच. शेतकऱ्याच्या एकाच रेकॉर्डमध्ये, 7व्या अॅट्रिब्यूटला (म्हणजे रकान्याला), हंगामभराच्या पावत्या कॅरॅक्टर 253 (एकाच रकान्यातल्या अनेक किमती वेगळं करणारं चिन्ह) ने जोडून ठेवल्यात. काही रेकॉर्ड 40 केबीचे आहेत. मोड्युलो कितीही वाढवा, ते ग्रुपात मावायचे नाहीत. त्यातली पावती शोधणारी लोकेट आज्ञाही सुरुवातीपासून शोधत येते.

तर आधी पावत्या वेगळ्या फाइलीत काढू, आयडी 'खातेक्रमांक*पावतीक्रमांक', आणि मग रिसाइझ (नव्या मोड्युलोने फाइल पुन्हा मांडणं)? दुसरं म्हणजे, साध्या रिसाइझला फाइल पूर्ण मोकळी लागते, एक फँटम (मागे चालणारा प्रोग्रॅम) अडकला तरी अडतं. त्यात आपल्याकडे रात्री लाइटीचा भरवसा नाही, यूपीएस 40 मिनिटं. त्यापेक्षा नवी फाइल बनवून कॉपी करायची आणि शेवटी व्हॉकमधला (फाइलींची नावं-पत्ते ठेवणाऱ्या यादीतला) पाथ बदलायचा, हे बरं वाटतं. इंडेक्स नव्याने बांधावे लागतील, ते माहीत आहे. कुणी असं केलंय का? टाइप 30 (आपोआप वाढणारी फाइल) सुचवणाऱ्यांनी कारणही लिहा, भाऊ.