खटक्याचा चाकू: खरी सोय की नुसता रुबाब?

घाटमाथा (धागाकर्ता)

ट्रेकला येणारी तरुण मुलं हल्ली विचारतात, "बटणाचा चाकू घेऊ का?" म्हणजे बटण दाबताच स्प्रिंगच्या जोराने पातं उघडणारा खटक्याचा चाकू. माझं उत्तर 'नको' असं आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नकोच. पण नको म्हणण्याआधी त्याचं यंत्र समजून घ्यायला हवं, कारण त्याला नावं ठेवणारे आणि त्याच्या प्रेमात पडणारे दोघंही बहुधा सिनेमातला 'खट्' आवाज ऐकून बोलत असतात.

बाजूने उघडणाऱ्या खटक्याच्या चाकूत पातं ज्या पिनेवर फिरतं, तिच्याभोवती गुंडाळीची स्प्रिंग असते. तिचं एक टोक मुठीत, दुसरं पात्याच्या बुडख्यात. चाकू मिटलेला असताना ही स्प्रिंग पिळलेली असते, म्हणजे पातं सारखं बाहेर यायला बघत असतं. त्याला अडवून धरते ती बटणाखालची खीळ. या खिळीचा काही भाग पूर्ण जाडीचा असतो आणि काही भाग कापून बारीक केलेला. बटण दाबलं की बारीक भाग बुडख्यासमोर येतो, अडसर निघतो आणि पातं फिरून थांब्यावर आदळतं. त्याच क्षणी खिळीचा जाड भाग वर येऊन बुडख्याच्या दुसऱ्या खाचेत बसतो आणि पातं पक्कं होतं. सोडणं आणि अडकवणं ही दोन्ही कामं एकाच खिळीची. यंत्र म्हणून हे फार सुंदर आहे, मला त्याचं मनापासून कौतुक आहे. इटलीतल्या माणियागोसारख्या चाकूंच्या गावी बनलेल्या जुन्या धाटणीच्या चाकूंत गुंडाळीऐवजी पाठीमागे लांब पट्टीची कमान असते, तत्त्व तेच.

आता तक्रार. ताणलेली स्प्रिंग आपण खिशात, मांडीला लागून घेऊन फिरतो. कड्याला पोट घासत चढताना बटण दाबलं गेलं तर पातं उघडणार. म्हणून बनवणारे सरकतं कुलूप देतात. कुलूप लावलं की चाकू उघडायला आधी कुलूप सरकवा, मग बटण दाबा. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो तिथेच संपला. पात्याला अंगठ्यापुरतं गोल भोक असलेले साधे चाकू स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने 1981 पासून बनवले आहेत. ते एका हाताने तितक्याच सहज उघडतात आणि त्यांत तुटायला स्प्रिंगच नसते. मग खटका कशासाठी?

---

सागरवेळ

असहमत. मी मालवाहू जहाजांवर डेकवर काम करतो. तुमचं सगळं गणित कोरड्या, उघड्या, धडधाकट हाताचं आहे.

अंगठ्याने पातं फिरवताना अंगठ्याला वर्तुळाचा मोठा भाग फिरावं लागतं, आणि तेवढा वेळ मूठ चार बोटांवर सैल धरलेली असते. जाड हातमोजा, त्यावर ग्रीस, खाली हलणारा डेक, दुसरा हात कठड्यावर. अशा वेळी सैल मूठ म्हणजे चाकू समुद्रात. बटणाला मात्र मूठ घट्ट ठेवून फक्त दाब द्यायचा असतो. फरक सेकंदाचा नाही, पकडीचा आहे. 'तितक्याच सहज' हे त्यामुळे मला मान्य नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पॅराट्रूपरांना, म्हणजे हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांना, बटणाचे चाकू दिले होते ते रुबाबासाठी नव्हे. झाडात अडकलेल्या माणसाचा एक हात दोरीला असतो आणि दुसऱ्याने छत्रीच्या दोऱ्या कापायच्या असतात. जर्मनांनी त्याच कामासाठी वजनाने घसरून बाहेर येणाऱ्या पात्याचा चाकू काढला. दोन शत्रूसैन्यांना एकच गरज जाणवली, याचा अर्थ गरज खरी होती.

---

घाटमाथा

पकडीचा मुद्दा वजनदार आहे, तो मी नाकारत नाही. पण दोरीचं उदाहरण आलं म्हणून सह्याद्रीतलं सांगतो. ताणाखालच्या दोरीला धार नुसती टेकली तरी ती चर्रकन तुटते. सैल दोरी कापायला जितका जोर लागतो त्याचा अंशही लागत नाही. कड्यावर लटकलेल्या माणसाच्या कमरेला, त्याच्याच दोरीपासून वीतभर अंतरावर, स्प्रिंगच्या जोराने उघडणारं पातं मला नको. तिथे पातं हळू आणि मला हवं तेवढंच उघडलं पाहिजे. खटक्याचं पातं अर्ध्यात थांबत नाही.

---

निसणा

आमच्याकडे धारेला येणाऱ्या चाकूंवरून चार गोष्टी सांगतो.

खटक्याच्या चाकूचं पातं दर उघडण्याला थांब्यावर आपटतं. स्वस्त मालात थांबा आणि पात्याची पिन दोन्ही मऊ असतात. काही महिन्यांत पातं डावी-उजवीकडे हलायला लागतं. मग लोक पिनेचा स्क्रू आवळतात, की पातं घट्ट होतं आणि स्प्रिंगला ते पूर्ण फेकता येत नाही. अर्धवट उघडलेलं, न अडकलेलं पातं ही सगळ्यात वाईट अवस्था: बघणाऱ्याला चाकू उघडा दिसतो आणि जोर दिला की तो बोटांवर मिटतो.

दुसरं, कोकणची हवा. खारा दमटपणा आणि बारीक स्प्रिंग यांचं जमत नाही. पात्याचा गंज दिसतो, पुसता येतो. मुठीच्या आतल्या स्प्रिंगचा गंज ती तुटेपर्यंत कळत नाही. साधा घडीचा चाकू पाण्याखाली धुऊन, वाळवून, पिनेवर तेलाचा थेंब सोडला की झालं. खटक्याचा चाकू खोलायला बारीक पेचकस हवा, आणि पिळलेली स्प्रिंग परत बसवणं नवशिक्याचं काम नाही.

मात्र सगळे एका मापात मोजू नका. चांगल्या पोलादाचे, नीट बसवलेले बटणाचे चाकू वर्षानुवर्षं न हलता राहिलेले मी पाहिले आहेत. फरक किमतीचा आहे, आणि बाजारात मुलं घेतात ते बहुतेक स्वस्तातले.

---

ह्यूस्टनकर

तुम्ही सगळे फक्त बाजूने उघडणाऱ्या चाकूबद्दल बोलताय. समोरून सरळ बाहेर येणाऱ्या पात्याचा प्रकार वेगळाच आहे, आणि वरचे निम्मे आक्षेप त्याला लागू होत नाहीत.

त्यातल्या दुहेरी प्रकारात मुठीवर एक सरकपट्टी असते. ती अंगठ्याने पुढे ढकलली की आतली स्प्रिंग ताणली जाते. ढकलण्याच्या शेवटच्या टप्प्यात पात्याला धरणारा अडसर उचलला जातो, स्प्रिंग पात्याला पुढे फेकते आणि शेवटचं थोडं अंतर पातं स्वतःच्या वेगानेच जाऊन समोरच्या अडसरात बसतं. मागे ओढली की हेच उलट. म्हणजे स्प्रिंगला ताण तुमचा अंगठा देतो, तोही त्या क्षणापुरता. खिशात असताना स्प्रिंग जवळजवळ सैल असते. 'ताणलेली स्प्रिंग मांडीला लागून' ही भीती इथे नाही. पट्टी सरकवायला बराच जोर लागतो, ती नुसत्या घासण्याने सरकत नाही.

आणि मोठा फायदा मिटताना आहे. घडीच्या कुठल्याही चाकूत मिटवताना बोटं धारेच्या वाटेत येतात. कित्येकांची बोटं उघडताना नव्हे, मिटवताना कापतात. इथे पातं सरळ आत जातं, बोट वाटेत येतच नाही. गोदामात दिवसभर खोकी फोडणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे. टेक्ससने 2013 मध्ये खटक्याच्या चाकूंवरची बंदी उठवली, तेव्हापासून इथे ही अवजारं कामावर उघडपणे वापरली जातात.

---

निसणा

@ह्यूस्टनकर, मिटण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्याची किंमतही सांगा. पातं आत-बाहेर जायचं तर भोवती मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणून नवा कोरा चाकूसुद्धा टोकाशी किंचित डुलतो. खोकं फोडायला चालेल, लाकूड तासायला नाही. पातं शेवटी स्वतःच्या वेगावर जातं, त्यामुळे वाटेत जाड कापड आलं तरी ते अडकून मधेच सुटं पडतं, मग टोक धरून हाताने ओढून जागेवर बसवावं लागतं. पुढचं तोंड कायम उघडं, म्हणून खिशातला भुगा, वाळू, चिकटपट्टीचा डिंक सगळं आत.

---

मुक्ता_ठाणे

यंत्राची चर्चा चांगली चालली आहे, पण मी दोन मुलांची आई म्हणून वाचतेय. घडीचा चाकू उघडायला जो क्षण लागतो तो क्षण भांडणात फार मोलाचा असतो. तेवढ्यात कुणी हात धरतो, कुणी ओरडतो, स्वतःलाही भान येतं. खटक्याने तो क्षण काढून घेतला. वर तो आवाज मुलांना हवाच असतो, समोरच्याला घाबरवायला. जे अवजार घाबरवण्यासाठी आवडतं ते मुलाच्या खिशात नको. खलाशाला, गोदामातल्या माणसाला जरूर द्या.

---

ह्यूस्टनकर

मुक्ताताई, तुमची काळजी समजते, पण हेच म्हणत अमेरिकेने 1958 मध्ये केंद्रीय कायदा केला. त्याआधी वर्तमानपत्रं, मासिकं आणि सिनेमे टोळीतल्या पोरांच्या हातात हा चाकू दाखवून देश घाबरवत होते. कायद्याने राज्याराज्यांतला व्यापार थांबवला. पोरांच्या टोळ्या काही त्यामुळे थांबल्या नाहीत, हाताला लागेल ती सुरी चालली. पुण्यातलंच बघा. दहशतीच्या बातम्या येतात त्या कोयत्याच्या. कोयता शेतीचं अवजार, त्याला ना बटण ना स्प्रिंग. भीती वस्तूच्या आवाजावरून ठरवली की कायदा चुकीच्या ठिकाणी बसतो.

---

मुक्ता_ठाणे

कोयता लपवून कॉलेजात नेता येत नाही, हा खिशात मावतो. एका शस्त्राने होणारं नुकसान दुसऱ्याला सूट द्यायचं कारण होऊ शकत नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

कायद्याची_वही

मतं बाजूला ठेवून, घेण्याआधी हे वाचा.

देशपातळीवरच्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना त्यातून वगळलं आहे. दिल्लीत मात्र 1980 च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीदार आणि बटणदार चाकू वेगळे काढले: 7.62 सेंमी किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंमी किंवा जास्त रुंद पातं असेल तर निर्बंध. गरारीदार म्हणजे बुडख्याला दाते असलेला, करकरत उघडणारा. सिनेमातला रामपुरी म्हणून आपण जो ओळखतो त्यात गरारीदार आणि बटणदार हे दोन्ही प्रकार आले. खुद्द रामपुरात 1990 च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि कारागिरांचा धंदा बसला. 2023 मध्ये तिथल्या चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभारला गेला, पण चौकातल्या चाकूने कारागिराच्या घरी चूल पेटत नाही. हे मला मनापासून खटकतं, म्हणून विषयांतर केलं.

महाराष्ट्रात लक्षात ठेवायचं ते महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37. सण, निवडणूक, तणाव असला की त्याखाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकूचा स्पष्ट उल्लेख असतो. त्या काळात 'ट्रेकला चाललोय' हे स्टँडवर पोलिसाला पटवणं तुमच्यावर. बटणाचा चाकू निघाला तर ते पटणं अवघड, हे अनुभवाने सांगते.

बाहेर जाणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये 1959 पासून विक्री आणि आयात बंद, 2021 पासून घरात बाळगणंही गुन्हा. जर्मनीत 8.5 सेंमीपर्यंतचे बाजूने उघडणारे चाकू चालत, ऑक्टोबर 2024 पासून तिथेही शिकार किंवा व्यवसायासारखी रास्त गरज दाखवावी लागते. आणि 1958 च्या ज्या अमेरिकन कायद्यावर वर टीका झाली, त्यातच एक हात नसलेल्या माणसाला 3 इंचांपर्यंतचा खटक्याचा चाकू बाळगायची सूट आहे. बंदी घालणाऱ्यांनाही हे सुचलं होतं.

---

सागरवेळ

शेवटची ओळ माझ्या बाजूची आहे. ज्याला एकच हात मोकळा आहे, जन्माने, अपघाताने किंवा कामामुळे, त्याच्यासाठी हा चाकू आहे. धागाकर्त्यांनी 'नकोच' म्हटलं, ते 'ट्रेकला नको' असं म्हणायला हवं होतं.

---

आजऱ्याचा_घनसाळ

माझा प्रश्न नेमका इथेच बसतो. वडिलांना अर्धांगवायू झाला, डावा हात उचलत नाही. तरी रोज बागेत जातात, सुतळी कापणं, पोत्याचं तोंड उघडणं चालू असतं. घडीचा चाकू आता दातांनी उघडतात, ते बघवत नाही. त्यांना बटणाचा आणू का?

---

घाटमाथा

दातांनी उघडणं आजच बंद करा. पण बटणाचा आणू नका. उघडणं एका हाताने होईल, मिटवताना मात्र त्यांना बटण दाबून धरून पातं स्प्रिंगच्या विरुद्ध मांडीवर टेकवून ढकलावं लागेल, आणि तेच धोक्याचं आहे. त्यापेक्षा न मिटणारा, तीन इंची पात्याचा लहान चाकू घ्या. म्यान कडक प्लास्टिकचं, दाबून बसणारं, आणि ते पट्ट्याला उजव्या बाजूला पक्कं शिवलेलं. उपसणं-ठेवणं दोन्ही एका हाताने. सुतळीसाठी पात्याला अणकुचीदार टोक नसलं तरी चालतं, ते मुद्दाम बोथट करून घ्या.

---

सागरवेळ

बागेसाठी हा सल्ला मलाही पटला. एकच भर: म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक हवं, आजऱ्याच्या पावसात पातं आतल्या आत गंजेल. आणि मूठ लाल किंवा पिवळी घ्या, गवतात पडला तर काकांना वाकून शोधत बसायला नको. माझा बटणाचा मात्र मी सोडत नाही.

---

निसणा

@आजऱ्याचा_घनसाळ, धार फार बारीक कोनाची लावून घेऊ नका. सुतळी आणि पोत्याला थोडी खरखरीत धार जास्त टिकते. सहाणेवर शेवटची घासाई जाड बाजूवरच थांबवा.