वसंतातली शाळा आणि मुलांची दुखणी : आपले अनुभव लिहा

कवडसा
मुलीच्या वर्गात एकाला कांजिण्या झाल्याची सूचना काल शाळेकडून आली आणि लहानपणी आम्हा तिघा भावंडांना ओळीने निघालेल्या कांजिण्या आठवल्या. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जाऊ शकतात, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे एक जण उठून शाळेत गेला की संकट टळले, असे समजून सगळे निर्धास्त होत आणि नेमका तेव्हाच पुढचा आडवा पडे. थंडी सरता सरता आणि वसंतात या आजाराचा जोर वाढतो. या दिवसांत मुलाला घरी कधी ठेवायचे आणि शाळेत कधी धाडायचे, हे आपण कसे ठरवता, ते सविस्तर लिहावे.

खडूफळा
मी प्राथमिक वर्गांना शिकवते. कांजिण्यांचे मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू लागते, म्हणजे सूचना फलकावर लागते तोवर त्याच्या बाकावरच्या मुलांपर्यंत आजार बहुधा पोहोचलेला असतो. म्हणून त्या मुलाच्या नावाची चौकशी करण्यात काहीच हशील नाही. आपल्या मुलावर पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवावे, आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती आजारामुळे वा औषधांमुळे कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शेवटच्या फोडावर खपली धरल्याशिवाय मूल वर्गात येऊ नये, हा नियम पालकांना मान्य असतो, पण परीक्षा जवळ आली की तो सोयीस्करपणे विसरला जातो. त्यात शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस ठेवणाऱ्या शाळा तापलेल्या मुलाला वर्गात यायला एका अर्थी उत्तेजनच देतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंपळपान
आमच्या थोरल्या बंधूंना ते बक्षीस सलग मिळत असे. त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना मात्र ते कधीच मिळाले नाही, याचा उलगडा आज झाला!

रानवारा
आमचा प्रश्न उलटा आहे. मुलगा दर वसंतात शिंकतो आणि त्याला सर्दी झाली म्हणून घरी पाठवतात. त्याला ताप नसतो, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो, डोळे आणि नाक यांना सतत खाज सुटते आणि हे सर्व कित्येक आठवडे चालते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी त्रास वाढतो. साधी सर्दी इतकी रेंगाळत नाही. जॉन बॉस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच अशा दुखण्याचे वर्णन लिहून ठेवले होते आणि त्यामागे परागकण आहेत, हे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये आपल्या प्रयोगांच्या आधारे मांडले. तरीही आम्हाला दरवर्षी वर्गाच्या दाराशी तीच समजूत नव्याने घालावी लागते. शाळेने आवारातली फुलझाडे दोषी ठरवून कुंड्या हलवल्या, पण रंगीत फुलांचे जड पराग बहुतेक कीटक वाहून नेतात. त्रास मुख्यतः वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचा आणि गवतांचा असतो, आणि त्यांची फुले आपल्या नजरेतही भरत नाहीत. घरी आल्यावर तोंड धुणे, कपडे बदलणे आणि झोपण्यापूर्वी केस धुणे यांनी फरक पडतो. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा परीक्षेच्या काळात गोळी कोणती द्यायची, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे.

दुपारची शाळा
रानवारा, मुलाला दम्याचा त्रास आहे का? आमच्या मुलीला आहे, आणि परागांच्या दिवसांत तो बळावतो. तिचा इनहेलर शाळेच्या कार्यालयात कुलूपबंद कपाटात ठेवला होता आणि किल्ली ज्यांच्याकडे असे, ते जेवणाच्या सुट्टीनंतर भेटत. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर तो तिच्या दप्तरात आणि दुसरा वर्गशिक्षिकेकडे राहील, असे ठरले. सोबत डॉक्टरांच्या सहीचा कागद आहे: कोणती लक्षणे दिसल्यावर, किती वेळा आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून औषध द्यायचे, आणि केव्हा वाट न पाहता रुग्णालयात न्यायचे.

अवखळ आजोबा
कवडसाताई, नातवंडांच्या लसींची वही आजच काढून पाहा. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस असतात. गोवराचेही दोन राहिले नसल्याची खात्री करून घ्या, कारण गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. दुसरे म्हणजे कांजिण्यांच्या तापाला ॲस्पिरिन मुळीच देऊ नये; त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम उद्भवू शकतो. (वही माझ्या कपाटात सुरक्षित आहे, असे सूनबाई म्हणतात, कपाट कोणते, एवढेच त्या सांगत नाहीत.)

कवडसा
आजोबा, नातवंडे नव्हेत, ती माझी मुलगी आहे! वही मात्र सापडली आणि दोन्ही डोसांची नोंद आहे.

सायकलस्वार
साथीबरोबर मैदानाचाही विचार व्हावा. या दिवसांत मुले अधिक वेळ बाहेर असतात आणि मधमाश्याही. डंख झाला, तर काटा नखाने खरवडावा की चिमट्याने ओढावा, यावर वाद घालण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात विष आत शिरत राहते. जे हाताशी असेल त्याने तो तत्काळ काढावा, साबणाने धुवावे आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा मूल भोवळ येऊन पडले, तर मात्र घरगुती उपाय थांबवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. पोळे इमारतीला असेल, तर त्यावर दगड मारणाऱ्या वीरांना आधीच समज द्यावी.

निळी वही
खडूफळा, कांजिण्यांमुळे बुडालेला अभ्यास आपण कसा भरून काढता? आमच्याकडे वर्गमित्र फळ्याचे छायाचित्र पाठवतो, त्यामुळे मूल घरी राहायला कुरकुरत नाही.

खडूफळा
छायाचित्रे पुरतात, गृहपाठ मी नंतरच मागते. त्या दिवसांत वही पूर्ण करून घेण्यापेक्षा नखे कापून घ्यावीत, कारण खाजवलेल्या फोडांत जंतू शिरले की कायमचे व्रण राहतात.