ग्रामर बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी इंग्रजी वाक्य खटकतं. पोरांना कसं शिकवावं?

सक्करदऱ्याची_ताई:
नमस्कार मंडळी. घरीच नववी-दहावीच्या ट्युशन घेते, सेमी इंग्लिशची पोट्टी आहेत, हुशार आहेत. पण निबंधात 'डिड अ मिस्टेक', 'स्ट्राँग रेन', 'सॉ अ ड्रीम' येतंच येतं. लाल गोल केला की म्हणतात मॅडम नियम सांगा, आणि नियम तर नाहीच ना! यादी पाठ करून घेतली, चाचणीत बरोबर लिहिली अन् पुढच्या निबंधात पुन्हा तेच. हे बसवायचं कसं?

विदर्भी_मास्तर:
ताई, पोट्टे मराठीतून लिहितात. आपल्याकडे पाऊसही जोराचा अन् वाराही जोराचा, इंग्रजीत पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. आपण चूक पण करतो अन् होमवर्क पण करतो, तिथं एकाला मेक, एकाला डू. कडक चहाचं स्ट्राँग टी मात्र आपोआप जमतं, म्हणून जिथं जुळतं तिथं वेळ घालवू नका, जिथं फाटतं तेवढंच धरा. अन् यादी मेकची करू नका, सगळे मेक एकाखाली एक आले की पोरगं मेक लक्षात ठेवतं, पुढचा शब्द विसरतं. नामापासून सुरू करा. एका पानावर मधोमध 'डिसिजन', भोवती मेक, रीच, टफ, फायनल. धडा वाचताना नवा जोडीदार सापडला की त्याच पानावर, पूर्ण वाक्यासकट.

धरमपेठ_क्लासवाला:
+१. आयईएलटीएस (परदेशी शिकायला जाताना देतात ती इंग्रजीची परीक्षा) रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला 25 टक्के मार्क आहेत अन् बँड 7 च्या (गुणांच्या त्या पातळीच्या) वर्णनात कोलोकेशनची, म्हणजे कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द शोभतो याची, जाण असं स्पष्ट लिहिलंय. ऑक्सफर्डची कोलोकेशन डिक्शनरी 2002 पासून मिळते, ती पण बहुतेक वेळा नामावरूनच बघायची असते, एक कॉपी घरी ठेवाच.

संत्रानगरी:
पण 'गिव्ह एक्झाम' काऊन चुकीचं म्हणता? अख्खा भारत तसंच बोलतो.

विदर्भी_मास्तर:
इथं चालतंच, भांडण नाही. पण इंग्लंडमध्ये परीक्षा टेक किंवा सिट, गिव्ह म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हा मास्तरच आहे. पोरांना दोन्ही सांगा, कुठं काय चालतं तेही सांगा, फक्त लाल गोल करून सोडू नका बाप्पा.

सक्करदऱ्याची_ताई:
हे पटलं! सोमवारी 'मिस्टेक'चं पान काढते. मास्तर, एका धड्यातून किती नामं घेऊ?

विदर्भी_मास्तर:
चार-पाच बस. अन् निबंधाचा विषय त्याच नामांवरून द्या, वापरली नाही तर पान भरून उपयोग नाही.