हट्टीच्या सोन्याच्या शिरांचं वय नेमकं कशावरून ठरवतात? मदत हवी आहे

मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीवर वर्गासाठी टिपण काढतेय आणि एका मुद्द्यावर अडले आहे.

शिरा बनतात कशा, ते समजलं. काही किलोमीटर खोल तापलेलं, गंधकयुक्त पाणी भ्रंशांच्या भेगांतून वर सरकतं. सोनं त्यात गंधकाशी जोडलेल्या रूपात विरघळलेलं असतं. वाटेत लोहाने भरलेला ज्वालामुखी खडक लागला, की गंधक लोहाशी संयोग पावून पायराइट तयार होतं आणि सोनं तिथेच बाहेर पडतं. दाब एकदम उतरला की गारगोटी साचून भेग बुजते. मग दाब पुन्हा चढतो, भेग पुन्हा फुटते. शिरेतले पट्टे त्यातूनच येतात. किती सुंदर आहे हे!

अडचण वयाची आहे. शीर ज्या खडकाला छेदते त्याच्याहून ती तरुण, हे उघड आहे. पण आकडा कुठून आणायचा? गारगोटीत किंवा सोन्यात कालमापनाजोगं किरणोत्सारी मूलद्रव्य जवळपास नसतंच. शिरेलगतच्या अभ्रकातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा हळूहळू आरगॉन वायू बनतो, त्यावरून वय काढतात असं वाचलं. पण अभ्रक नंतर कधी तापलं, तर साठलेला आरगॉन निसटून जाणार ना? मग मिळालेलं वय सोन्याचं की नंतरच्या उष्णतेचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
ताई, शंका अगदी रास्त आहे. अभ्रकाचं वय अशा वेळी 'निदान एवढं तरी' म्हणूनच धरायचं. हट्टीत त्यासाठी मोनाझाइट या फॉस्फेट खनिजाचे सूक्ष्म कण वापरले. त्यात युरेनियम असतं, त्याचं कालांतराने शिसं बनतं आणि ते शिसं मोनाझाइट सहजी सोडत नाही. शिवाय युरेनियमची घड्याळं दोन: २३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, २३५ चं सुमारे ७० कोटी. दोन्हींचं वय जुळलं तर शिसं गळलेलं नाही, असा भरवसा येतो. हट्टीचं मोनाझाइट सुमारे २५५ कोटी वर्षांचं निघालं, तर तिथल्या ज्वालामुखी खडकातलं झिरकॉन (युरेनियम असलेलं दुसरं खनिज) सुमारे २५९ कोटींचं.

मात्र खरी मेहनत सूक्ष्मदर्शकाखाली असते. मोनाझाइटचा तो कण सोनं आणणाऱ्या पाण्यातूनच वाढला, हे आधी दाखवावं लागतं. शिरेत मॉलिब्डेनाइट हे खनिज सापडलं तर त्यातल्या ऱ्हेनियम या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून वय काढतात. मॉलिब्डेनाइट हे पायराइटसारखंच धातू आणि गंधकाचं संयुग (सल्फाइड) असल्याने सोन्याशी दुवा जास्त थेट असतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार! सोनं किंवा पायराइटला चिकटलेल्या मोनाझाइटचं सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र कुणाकडे आहे का? मुलांना ते दाखवायचं आहे.